उजव्या हाताची बाजू

नवं गाणं हाती घेतलं की गिटार शिकणारा दोन गोष्टी विचारतो : कॉर्ड कुठल्या आणि स्ट्रमिंग पॅटर्न कुठला. पहिल्या प्रश्नाबद्दल माझी काही तक्रार नाही. कॉर्ड चुकली तर सूरच चुकला. दुसऱ्या प्रश्नामागे मात्र एक मत दडलेलं आहे, आणि ते इतकं अंगवळणी पडलंय की ते मत आहे हेसुद्धा कुणाला जाणवत नाही. मत असं, की प्रत्येक गाण्याला खाली-वर बाणांची एक ठरलेली माळ असते. ती पाठ करावी, सावकाश घोटावी, मग वेग वाढवावा, की गाणं बसलं. सर फळ्यावर बाण काढून देतात, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि 'डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप' असं पुटपुटत घरी जातात. पुढे त्यांच्यातली बरीचशी मुलं तो पॅटर्न डोळे मिटून वाजवू लागतात. फक्त त्यावर कुणी गायला बसलं की दुसऱ्याच ओळीला सगळं विस्कटतं.

यावर क्लासातलं ठरलेलं उत्तर असतं : अजून घोटा. माझं म्हणणं असं की घोटायला जे दिलंय तेच चुकीचं आहे. पॅटर्नपासून स्ट्रमिंगची सुरुवात होत नाही. हात लयीत न थांबता हलतो आहे, कानाला सम कळली आहे, गाण्याचं वजन कुठे पडतं ते ठाऊक आहे, एवढं जमल्यावर तारांवर जे आघात पडतात त्यांची कागदावरची नोंद म्हणजे पॅटर्न. ती नोंद आधी पाठ करायची आणि तिच्यातून लय आपोआप उगवेल अशी वाट पाहायची, हा सगळा उलटा कारभार आहे.

आधी साधा हिशोब करू. चार ठोक्यांचं एक आवर्तन घ्या आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग करा : एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि. या झाल्या आठ जागा. आकड्यावर हात खाली जातो, 'आणि'वर वर येतो. प्रत्येक जागी तारांना स्पर्श करायचा की नाही, एवढाच निर्णय घ्यायचा असतो. एकही आघात न करण्याचा प्रकार धरून आठ जागांचे असे 256 प्रकार होतात. ठोक्याचे चार भाग केले तर जागा सोळा होतात आणि प्रकार 65,536. बाण पाठ करून गिटार शिकणाऱ्याने यातले किती पाठ करायचे? दहा? वीस? आणि एकविसावं गाणं आलं की पुन्हा सरांकडे? उलट ज्याचा हात खाली-वर, खाली-वर सारख्या अंतराने हलतो त्याच्याकडे हे सगळे प्रकार आधीच आहेत. त्याला फक्त कुठे स्पर्श करायचा ते ठरवायचं आहे, आणि ते गाणंच सांगतं.

आता त्या सुप्रसिद्ध 'डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप'कडेच नीट पाहू. आठ जागांमध्ये तो मांडला तर आघात पडतात ते एकवर, दोनवर, दोनच्या 'आणि'वर, तीनच्या 'आणि'वर, चारवर आणि चारच्या 'आणि'वर. म्हणजे एकच्या 'आणि'वर हात तारांना न लागता वर येतो आणि तीनवर न लागता खाली जातो. या पॅटर्नचं सगळं सौंदर्य त्या तीनवर आहे. जिथे कानाला आघात हवासा वाटतो तिथे तो पडत नाही, अर्ध्या ठोक्याने उशिरा खालून येतो, आणि त्यामुळे गाणं पुढे ढकललं जातं. पण वहीत काय असतं? सहा बाण. दोन रिकाम्या हालचालींची कुठे खूणच नसते. मग मुलगा काय करतो? दोनच्या 'आणि'वर हात वर नेतो आणि तिथेच थांबवतो. वर गेलेला हात पुन्हा वरच्या आघातासाठी कसा वापरायचा हे त्याला कळत नाही, म्हणून तो घाईने हात खाली आणतो आणि लय सुटते. सर म्हणतात, 'लक्ष दे.' त्याचं पूर्ण लक्ष आहे. तो कागद जसाच्या तसा वाजवतोय आणि कागदच त्याला थांबायला सांगतोय.

जात्यावर दळणारी बाई खुंटा अखंड फिरवत असते आणि वैरण मात्र मधूनमधून मुठीने टाकते. मूठ टाकली नाही म्हणून जातं थांबत नाही. स्ट्रमिंगमध्ये हाताची हालचाल म्हणजे ते फिरणं आणि तारांवरचा आघात म्हणजे ती मूठ. आपल्या क्लासांमध्ये मुठीच तेवढ्या मोजायला शिकवतात.

हाच दोष डाव्या हाताच्या बाबतीतही दिसतो. कॉर्ड बदलताना उजवा हात डाव्याची वाट पाहत थांबतो. गायला बसलेल्या माणसाला ही थबक सर्वांत आधी ऐकू येते, कारण चुकीचा सूर एखाद वेळ निभावून जातो, पण तुटलेली लय कुठेच लपत नाही. मिनिटाला 80 ठोके अशी बेताची लय असली तरी एक ठोका पाऊण सेकंदाचा असतो आणि अर्धा ठोका 0.375 सेकंदाचा. एवढ्या वेळात नवशिक्याची बोटं 'जी' कॉर्डवरून 'सी' कॉर्डवर पोचत नाहीत, हे मान्य. पण कसलेले वादकही त्या क्षणी जादू करत नाहीत. आवर्तनाच्या शेवटच्या वरच्या आघाताला त्यांची बोटं तारांवरून उचललेली असतात आणि तो आघात मोकळ्या तारांवर पडतो. नीट कान दिला तर कितीतरी ध्वनिमुद्रणांत तो ऐकू येतो. तो खटकत नाही, कारण हात थांबलेला नसतो आणि पुढची कॉर्ड समेवर हजर असते. पॅटर्नच्या कागदावर हा मोकळ्या तारांचा आघात कुठेच लिहिलेला नसतो. म्हणून मुलं तो चूक समजून टाळतात आणि तो टाळण्यासाठी लयच मोडतात.

पॅटर्नवादी मंडळींचा पुढचा आग्रह असतो तो 'खऱ्या' पॅटर्नचा. मूळ गाण्यात आहे तोच पाहिजे. ऐकायला हे निष्ठेचं लक्षण वाटतं. पण मूळ गाण्यात काय असतं? स्टुडिओत बहुतेक वेळा एकाहून अधिक गिटार एकमेकींवर चढवलेल्या असतात. कडव्यात एक गोष्ट वाजते, ध्रुवपदात दुसरी, आणि तिसऱ्या कडव्याला वादक पहिल्यासारखंच वाजवतो असं नाही. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांमध्ये तर अनेकदा स्ट्रमिंग नसतंच. तबला-ढोलक ठेका धरतात, हार्मोनियम आणि व्हायोलिनं सूर भरतात. अशा गाण्याचा जो 'ओरिजिनल पॅटर्न' म्हणून सांगितला जातो तो कुणीतरी नंतर आपल्या सोयीने बेतलेला असतो. 'कलाकार' (1983) या चित्रपटातलं 'नीले नीले अंबर पर' हे गिटार शिकणाऱ्या मुलांचं आवडतं गाणं. त्याची ओळख आहे ती कॉर्डमधला एकेक सूर सुटा छेडत जाणारी गिटार. त्याचाही 'स्ट्रमिंग पॅटर्न' मागितला जातो आणि दिलाही जातो! बेतायला माझी हरकत नाही. घरात एका गिटारवर गाणं उभं करायचं तर बेतावंच लागतं. पण मग ते मूळ गाण्याच्या नावावर खपवू नये, आणि मुख्य म्हणजे बेतण्याचं काम शिकणाऱ्याच्या हातून काढून घेऊ नये. शिकायचं तर तेच आहे.

इथे कुणी म्हणेल की काही गाण्यांमध्ये स्ट्रमिंग हीच गाण्याची ओळख असते, त्यांचं काय? बरोबर आहे, असतात अशी गाणी. बीटल्सच्या 1963 च्या 'ऑल माय लव्हिंग'मध्ये जॉन लेननची गिटार कडव्याखाली प्रत्येक ठोक्यात तीन-तीन आघात करत पळते. ती काढली तर गाण्याची धावच निघून जाईल. पण या उदाहरणाने बाणांचं काय सिद्ध होतं? आलटून-पालटून वाजवायचं तर कागदावर येतात खाली-वर, खाली-वर असे बारा बाण. त्यात पाठ करण्यासारखं काही नाही, पहिल्या दिवशीच्या मुलालाही ते वाचता येतील. तरी त्या वेगाने वाजवायला गेलं की मनगट आखडतं, आणि तीनच्या हिशोबामुळे एका ठोक्याची सुरुवात खालच्या आघाताने तर पुढच्या ठोक्याची वरच्या आघाताने होते, तिथे वजन डळमळतं. सगळी अडचण हात सैल ठेवण्याची आणि वजन सांभाळण्याची आहे. बाणांना त्यातलं काहीच सांगता येत नाही.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण फ्रेडी ग्रीनचं. हा गिटारवादक 1937 मध्ये काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत त्याच वाद्यवृंदाशी जोडलेला राहिला. ध्वनिवर्धक न लावता, एकेका आवर्तनात चार ठोक्यांना चार आघात, एवढंच तो प्रामुख्याने वाजवायचा. आजच्या क्लासाच्या भाषेत त्याचा पॅटर्न 'डाउन-डाउन-डाउन-डाउन', म्हणजे पहिल्या आठवड्याचा धडा. तरी ताल धरणाऱ्या गिटारचा विषय निघाला की आजही त्याचं नाव आधी घेतलं जातं. चार सारख्या बाणांमध्ये जर एवढं मावत असेल, तर जे मावलंय ते बाणांच्या बाहेर आहे हे उघड आहे.

काय आहे बाहेर? पहिली गोष्ट वजन. तेच आठ आघात पहिल्या ठोक्यावर जोर देऊन वाजवा आणि मग दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर जोर देऊन वाजवा. बाण एकही बदलणार नाही आणि गाणं संपूर्ण बदलेल. रॉक आणि पॉपमध्ये ड्रमचा कडक ठोका दोन आणि चारवर पडतो. आपल्या केहरव्यात वजन समेवर असतं आणि पाचव्या मात्रेला 'खाली' येते. इंग्रजी गाण्यावर शिकलेला जोर तसाच भावगीतावर चढवला की ते परकं का वाटतं, याचं कारण इथे आहे. दुसरी गोष्ट तारा. सहाच्या सहा तारा प्रत्येक वेळी खरवडायच्या नसतात. मेबेल कार्टर, जिच्या कुटुंबाचं पहिलं ध्वनिमुद्रण 1927 मध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी झालं, अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर चाल वाजवायची आणि बोटाने वरच्या सुरांच्या तारांवर नुसता हात फिरवून ताल धरायची. साध्या स्ट्रमिंगमध्येसुद्धा हात खाली जाताना जाड तारा आणि वर येताना पातळ दोन-तीन तारा, एवढा फरक केला तरी गिटार बोलायला लागते. तिसरी गोष्ट गप्प करणं. आघात केल्यावर तार किती वेळ वाजू द्यायची आणि कुठे तळव्याने दाबायची, हे तितकंच महत्त्वाचं. गायक जॉनी कॅशजवळ सुरुवातीला ड्रमवादक नव्हता. 1956 च्या 'आय वॉक द लाइन'साठी त्याने गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला, म्हणजे सूर दबून ड्रमसारखा खर्र आवाज यावा. कानात ड्रम होता म्हणून त्याला कागदाची गरज सुचली.

या शेवटच्या उदाहरणात माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा आहे. चांगलं स्ट्रमिंग तालवाद्यातून येतं. ब्राझीलच्या झोआव झिल्बेर्तोने 1950 च्या दशकाच्या अखेरीस बोसा नोव्हाची जी ढब घडवली तिच्यात अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलाचं काम करतो आणि बाकीची बोटं छोट्या डफाचं. तो काही पॅटर्न शोधत नव्हता. एक अख्खा ताफा कानात साठवून तो सहा तारांवर उतरवत होता. आपल्याला तर यासाठी फार लांब जायला नको. तबला, ढोलकी, ढोलक यांचे ठेके ऐकतच आपण वाढतो. केहरवा आणि दादरा ओळखता येत नाही असा मराठी श्रोता विरळा. नाव सांगता येणार नाही, पण मान बरोबर डोलते. एवढं भांडवल कानात घेऊन आलेल्या मुलाला आपण सांगतो की ते बाजूला ठेव आणि हे सहा बाण पाठ कर.

त्याचे परिणाम दादऱ्याच्या गाण्यात पाहावेत. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचे दोन विभाग. मुलाला येणारा पॅटर्न आठ जागांचा. दोन्हीकडची मात्रा सारख्या लांबीची धरली तर त्यांची सुरुवात पुन्हा जुळते 24 मात्रांनी, म्हणजे दादऱ्याची चार आवर्तनं झाल्यावर. मधल्या तीन समा हुकल्या. प्रत्यक्षात मुलगा त्याहून वाईट मार्ग काढतो. पॅटर्न सोडवत नाही म्हणून तो गाणंच ताणतो. प्रत्येक आवर्तनात दोन मात्रा पदरच्या घालून सहाचे आठ करतो आणि गाणाऱ्याने आपल्यामागून फरफटत यावं अशी अपेक्षा धरतो. बरं, दादऱ्याचा वेगळा पॅटर्न पाठ करून दिला तर सुटतो का प्रश्न? मधल्या लयीत खाली-वर सरळ आलटून-पालटून वाजवलं तर चौथ्या मात्रेला, म्हणजे दुसऱ्या विभागाच्या सुरुवातीला, वरचा आघात येतो आणि तो दुबळा पडतो. 'खाली-वर-खाली, खाली-वर-खाली' असं वाजवलं तर दोन्ही विभागांना खालचा भरदार आघात मिळतो, पण मध्ये लागोपाठ दोनदा खाली जाण्यासाठी हात चटकन रिकामा वर आणावा लागतो. विलंबित गाण्यात सहाही मात्रांना खालचाच आघात शोभतो. यातलं काय घ्यायचं ते लय आणि गाण्याचं वजन ठरवतं. आकड्यावर हात खाली, 'आणि'वर वर, हा मघाशी मीच मांडलेला नियमही इथे वाकवावा लागतो. वाकवायचं कधी, हे ज्याच्या कानात ठेका आहे त्यालाच कळतं.

गोव्यात याचा आणखी ठसठशीत पुरावा मिळतो. तिथल्या गीतप्रकारांपैकी मांडो संथ, सहा ठोक्यांच्या हिशोबाचा. त्याच्या पाठोपाठ दुलपद येतं ते चपळ, सहा-आठच्या चालीचं. आणि देखणी दोन-चारची. साथीला व्हायोलिन, गिटार आणि घुमट हे तालवाद्य. घुमटावरचा हात बदलला की गिटारचा हात बदलतो. मांडोवरून दुलपदावर जाताना तिथे कुणी वहीचं पान उलटत नाही.

सम हुकण्याचं आणखी एक कारण आहे आणि त्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपल्या असंख्य गाण्यांचा मुखडा समेवर सुरू होत नाही. उठाव आधी होतो, दोन-तीन शब्द निघून जातात आणि मग एखाद्या अक्षरावर सम येते. पॅटर्न पाठ केलेला मुलगा काय करतो? पहिल्या शब्दावर पहिला बाण. तिथून पुढे अख्खं गाणं सरकलेलं. कॉर्ड बरोबर, बाण बरोबर, वेग बरोबर, आणि तरी काहीतरी बिनसलंय असं सगळ्यांना वाटत राहतं. मग पॅटर्नचाच दोष समजून दुसरा पॅटर्न शोधला जातो. शब्दांवर कॉर्ड लिहिलेला कागदही इथे फसवतो, कारण कॉर्ड कुठल्या शब्दावर आहे ते तो दाखवतो, पण त्या शब्दावर कितवी मात्रा आहे ते दाखवत नाही. 'पॅटर्न कुठला'च्या आधी विचारायला हवं की सम कुठल्या अक्षरावर आहे. हा प्रश्न ज्या क्लासात विचारला जात नाही तिथे गाणी शिकवली जात नाहीत, हाताचा व्यायाम शिकवला जातो.

विरुद्ध बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं आता घेतो. ते असं : नवशिक्याला काहीतरी ठोस हवं. 'कान दे, लय पकड' एवढंच सांगितलं तर तो वाऱ्यावर सुटतो. बाण निदान हातात काही देतात. शिवाय लिहून ठेवण्यात गैर काय? लिहून ठेवण्यात काहीच गैर नाही, आणि हा प्रकार नवाही नाही. 1606 मध्ये फ्लॉरेन्सला जिरोलामो मोंतेसार्दोचं गिटारचं पुस्तक छापलं गेलं. त्यात कॉर्डसाठी अक्षरं होती. त्या काळातल्या इटालियन पुस्तकांत आडव्या रेघेखालची खूण म्हणजे हात खाली आणि रेघेवरची खूण म्हणजे हात वर. म्हणजे आजचे बाण 400 वर्षांचे आहेत. पण त्याच काळातल्या पुष्कळ गीतसंग्रहांत शब्दांवर नुसती कॉर्डची अक्षरं छापलेली आढळतात, तालाची खूणही नाही. कारण वाचणाऱ्याला चाल आणि ताल ठाऊक आहेत हे गृहीतच होतं. नोंद होती ती जाणणाऱ्याला आठवण म्हणून. आपण तीच नोंद न जाणणाऱ्याच्या हाती देतो आणि तिने त्याला जाणकार करावं असं म्हणतो.

राहिला ठोस गोष्टीचा मुद्दा. बाणांपेक्षा ठोस गोष्टी आहेत, आणि त्या सोप्याही आहेत. गिटार खाली ठेवून गाणं लावा आणि टाळी धरा. सम सापडेपर्यंत दुसरं काही नको. मग डाव्या हाताने तारा नुसत्या झाका, कुठलीच कॉर्ड न दाबता, आणि उजवा हात गाण्याबरोबर खाली-वर हलवा. सूर नाही, फक्त खर्र खर्र. हे जमलं की प्रत्येक समेला एकच आघात, कॉर्डसकट, आणि बाकी सगळ्या वेळी हात हवेत हलता. तोंडाने गाणं म्हणायचं, बेसूर असलं तरी चालेल. मग प्रत्येक ठोक्याला आघात. मग वरचे आघात मिळवायचे, आणि शेवटी जे नकोत ते वजा करायचे. बहुतेक मुलांच्या लक्षात यायच्या आत एखादा पॅटर्न वाजू लागलेला असतो आणि तो त्या गाण्याचा असतो, कारण गाण्यातूनच निघालेला असतो. यात वाऱ्यावर सोडणारं काय आहे? प्रत्येक पायरीला काय करायचं ते स्पष्ट आहे, आणि मुख्य म्हणजे पहिल्या पायरीपासून त्यावर गाता येतं. सहा बाण घोटणाऱ्याला ते पुष्कळ उशिरा जमतं.

काही जण दुसऱ्या बाजूने येतात. त्यांच्या मते हे सगळं शिकवून येतच नाही, ताल रक्तातच असावा लागतो. या मताला उत्तर म्हणून तबल्याचा कुठलाही क्लास पुरेसा आहे. तिथे मूल वाद्यावर हात टाकण्याबरोबरच ठेका तोंडाने म्हणायला शिकतं, हाताने टाळी-खाली देतं, मग तोच ठेका दुप्पट लयीत म्हणतं. वर्षानुवर्षं, अगदी सामान्य मुलांकडून, ही पढंत करून घेतली जाते आणि ती मुलं तालात पक्की होतात. गिटारच्या क्लासात हे कुणी करून घेत नाही आणि मग म्हणतात, याच्या अंगात ताल नाही. 'धा धिं ना, धा तिं ना' तोंडाने म्हणत उजवा हात हलवायला कुणाची बंदी आहे? गिटार पाश्चात्त्य वाद्य आहे म्हणून आपला कानही पाश्चात्त्य करून घ्यायचा, असा काही नियम नाही.

मेट्रोनोमबद्दलही दोन तट आहेत. एकाला तो सर्व रोगांवर औषध वाटतो, दुसऱ्याला तो गाण्याचा जीव घेणारा वाटतो. दोघांनाही माझं सांगणं असं की मेट्रोनोम ठोका दाखवतो, सम दाखवत नाही. सगळे ठोके सारखे वाजवणाऱ्या यंत्राबरोबर घोटलेला पॅटर्न अचूक होतो आणि तरी कुठून सुरू झाला हे हाताला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक तबला लावावा. त्याच्या ठेक्यात सम आणि खाली ऐकू येतात. मेट्रोनोमच वापरायचा तर त्याचा टिक आवर्तनात एकदाच, फक्त समेवर पडेल असा लावावा. मधला काळ मग हाताला स्वतः सांभाळावा लागतो, आणि तो सांभाळता येतो की नाही ते पुढच्या टिकला लगेच कळतं.

पॅटर्नचा हा आग्रह इतका का टिकला, याचं उत्तर संगीतात नाही, सोयीत आहे. बाण फळ्यावर लिहिता येतात, एकाच वेळी दहा मुलांना देता येतात, पाठ झाले की नाही ते तपासता येतं. पालकांनाही मुलाने या महिन्यात चार पॅटर्न शिकले हे समजतं. सम सापडली की नाही हे फळ्यावर लिहिता येत नाही. त्यासाठी एकेका मुलापाशी बसून त्याच्या वाजवण्यावर कुणीतरी गावं लागतं. हे कष्टाचं आहे, हे मला मान्य आहे. पण गिटार शिकायला आलेल्या मुलांपैकी बहुतेकांना मैफल गाजवायची नसते. चारचौघांत, सहलीला, घरच्या कार्यक्रमात कुणी गायलं तर साथ करता यावी, एवढीच त्यांची इच्छा असते. त्या इच्छेसाठी फी भरणाऱ्याला साथ सोडून बाकी सगळं शिकवायचं, हे बरं नव्हे.

म्हणून माझी मागणी एकच आहे. विद्यार्थ्याने गाणं बसवलं की नाही याची परीक्षा पॅटर्न तपासून घेऊ नका. त्याला वाजवायला सांगा आणि स्वतः गा, मधल्या कुठल्याही ओळीपासून सुरू करा, एखादी ओळ मुद्दाम दोनदा घ्या. तो समेवर तुमच्याबरोबर आला तर गाणं बसलं, मग बाण कोणतेही असोत. नाही आला तर वहीतले सगळे बाण बरोबर असूनही बसलेलं नाही. आणि बाण लिहून द्यायचेच असतील तर या परीक्षेनंतर द्या. तेव्हा त्यांची गरज किती उरली आहे, ते विद्यार्थीच तुम्हाला सांगेल.